मदत हवी आहे: फ्रेस्नो-सॉसेडा लूप एका दिवसात, पाणी किती न्यावं?

वाटचुकार:
येत्या शनिवारी फ्रेस्नो-सॉसेडा लूप करतोय, माउंटन बाइकवर, एकटाच. साधारण ५७-५८ मैल. पाठीवरच्या पिशवीत ३ लिटर मावतं, फ्रेमला पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. पुरेल का? इंग्रजी ग्रुपवर विचारलं तर जो तो म्हणतो, "ते तुझ्यावर आहे." कृपया आकडा सांगा. 'जाऊ नकोस' म्हणायला घरची माणसं आहेत. गुरुवारी रात्री निघायचंय, जरा लवकर कळवा.

पारावरचा:
हे आहे कुठे? नावावरून काहीच पत्ता लागेना.

वाटचुकार:
टेक्सास. बिग बेंड.

रानवाटा:
बिग बेंडमध्ये सायकली मुख्यतः गाडीरस्त्यांवरच चालवू देतात. परवानगीचं आधी बघा.

टेक्सासकर:
रानवाटा, तुम्ही नॅशनल पार्कबद्दल बोलताय. हे शेजारचं, पश्चिमेकडचं बिग बेंड रँच स्टेट पार्क. तीन लाख एकरांहून मोठं आहे. आधी मेंढ्या-गुरांचं रँच होतं, राज्याने १९८८ साली विकत घेतलं. सॉसेडा म्हणजे त्या रँचचं जुनं मुख्य ठाणं. तिथे सायकल चालते.
वाटचुकार, नोव्हेंबरात ताशी अर्धा ते पाऊण लिटर धर. त्या धोंड्यांतून ९-१० तास सहज जातात, म्हणजे साडेसात लिटरपर्यंत. तुझ्याकडे साडेचार आहे. पण सॉसेडाला रेंजर स्टेशनपाशी पाणी मिळतं. सकाळी लाहीतासहून, म्हणजे लूपच्या खालच्या टोकाच्या गावाहून निघ, चढ ताज्या पायांनी संपव, सॉसेडाला भर, मग उतार. तेवढ्यात भागेल.

सायकलवाला_नाना:
पाण्याचं एवढं काय घेऊन बसलात? टायर काय आहे ते विचारा आधी! त्या भागात लेचुगिया नावाचं घायपातासारखं झुडूप आहे, त्याची पाती सरळ नडगीत घुसतात. जोडीला कॅटक्लॉची काटेरी झुडपं, नागफणी. ट्यूबलेस नसेल तर घरीच बस. सीलंट ताजं भर, प्लग घे, वर एक ट्यूबही घे. आणि काटे उपटायला चिमटा.

घाटमाथा:
नाना, ट्यूबलेसचं फार स्तोम माजवलंय लोकांनी. जाड ट्यूब आणि आत लायनर. मी सगळे घाट त्यावरच केलेत.

सायकलवाला_नाना:
घाटात डांबर आहे हो. इथे चिमणीएवढे काटे आणि विटेएवढे दगड आहेत.

घाटमाथा:
वरंध्यात डांबर? पावसाळ्यानंतर कधी गेलायत का?

वाटचुकार:
ट्यूबलेस आहे, २.४ इंची. कृपया पाण्यावर या.

कोकमसरबत:
नुसतं पाणी पिऊन उपयोग नाही. घामावाटे मीठ जातं, वर पाणीच ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं गरगरतं, आणि माणसाला वाटतं अजून पाणी कमी पडतंय. एका बाटलीत ओआरएस ठेव. खायला गोड बार नकोत, नवव्या बारला किळस येते. मी दशम्या नि शेंगदाण्याची चटणी नेते.

पारावरचा:
दशम्या टेक्सासात! ताई, पाककृती द्या.

कोकमसरबत:
@पारावरचा, दूध-गुळातल्या. वेगळ्या धाग्यावर देते.

झुळूक:
वाटेत झरे आहेत की. फिल्टर ने, ओझं वाचेल.

टेक्सासकर:
झऱ्यांवर हिशेब मांडू नये. पाऊस झाला नसेल तर नुसता ओलसर चिखल असतो. शिवाय त्या पट्ट्यात पाऱ्याच्या जुन्या खाणी आहेत. फिल्टर जंतू अडवतो, पाण्यात विरघळलेला धातू नाही.

झुळूक:
मी प्यायलोय, मला काही झालं नाही.

टेक्सासकर:
बरं.

कायदेपंडित:
महत्त्वाचं कोणी सांगितलंच नाही. टेक्सासात जवळजवळ सगळी जमीन खाजगी आहे. खांबावर किंवा झाडावर जांभळा पट्टा दिसला तर तो 'आत येऊ नका' फलकच समजायचा, १९९७ पासून तसा कायदा आहे. रँचचं फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर आपण गेल्यावर बंद करायचं. आणि व्हिसावर असाल तर पासपोर्ट व आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) बरोबर हवं. मार्फा आणि अल्पाइन या गावांकडे परतताना बॉर्डर पेट्रोलचं नाकं लागतं, प्रत्येक गाडी थांबवतात.

वाटचुकार:
लूप पूर्ण पार्कच्या हद्दीत आहे. आणि व्हिसाचा पाण्याशी काय संबंध?

कायदेपंडित:
तहान पाण्याने भागेल. नाक्यावर कागद नसले तर तिथे कोकमसरबत चालत नाही.

कोकमसरबत:
मला कशाला ओढता मध्ये?

टेक्सासकर:
कागदांचं त्यांचं बरोबर आहे, घेऊन जा. आता दोन गोष्टी सांग. किती वाजता निघणार आणि गाडी लाहीतासला कुठे लावणार? या दिवसांत सहाच्या आत सूर्य मावळतो.

वाटचुकार:
लाहीतास कुठून आलं? मी सॉसेडाला राहतोय, बंकहाउसचं बुकिंग आहे. सकाळी तिथूनच निघणार ना, अजून कुठून?

टेक्सासकर:
अरे देवा. हे पहिल्या ओळीत हवं होतं, सगळा हिशेब उलटा झाला! सॉसेडा लाहीतासहून दीड-दोन हजार फूट उंच आहे. तू सकाळच्या थंडीत खाली उतरणार, भर दुपारी सगळ्यात खालच्या, सगळ्यात गरम टप्प्यात असणार, आणि दमलेल्या पायांनी वर चढणार. पाणी निम्म्या वाटेवर सॉसेडाला मिळणार होतं, ते आता शेवटी.

सायकलवाला_नाना:
मग सकाळी गाडीने लाहीतासला जाऊन तिथून सुरू करावं.

टेक्सासकर:
सॉसेडाहून १७० नंबरच्या डांबरी रस्त्यापर्यंत २७ मैल कच्चा रस्ता. तो निघतो प्रेसिडिओ गावाच्या बाजूला, तिथून नदीकाठच्या वळणांनी लाहीतास. अंधारात दोन-अडीच तास स्टिअरिंग धरून मग ५७ मैल सायकल?

नाना_नव्हे_भाऊ:
त्याच लाहीतासला बिअर पिणारा बोकड महापौर म्हणून निवडून आला होता. खरंच. क्ले हेन्री नाव. आपल्याकडे यापेक्षा बरे उमेदवार कुठे आहेत?

पारावरचा:
बोकडाने निदान पक्ष तरी बदलला नसेल.

वाटचुकार:
मंडळी!!

टेक्सासकर:
ऐक. ऑस्टिनहून येणार ना?

वाटचुकार:
हो. जीपीएस मार्फावरून नेतंय.

टेक्सासकर:
ते जवळचं खरं. पण शुक्रवारी अल्पाइनहून ११८ ने खाली टर्लिंग्वाकडे उतर, मग १७० ने लाहीतास. तिथे पार्कचं बार्टन वॉर्नॉक सेंटर आहे, ते उघडं असताना पोच. रेंजरला वाट विचार, कुठला झरा वाहतोय ते त्यांनाच ठाऊक असतं, आणि परवानाही तिथेच घे. शनिवारी दुपारी तिथूनच पाणी भर, ट्रेलवरून थोडं वाकडं जावं लागेल. म्हणजे सकाळी निघताना साडेचार, दुपारी पुन्हा साडेचार. चढाला निघताना पिशवी आणि दोन्ही बाटल्या काठोकाठ, यात तडजोड नको. दुपारी एकपर्यंत वॉर्नॉकहून निघता आलं नाही तर वर चढूच नकोस, गाडीवाला गाठ. आणि दिवा बरोबर हवाच.

झुळूक:
फ्रेस्नो कॅन्यनने उतर, वाळू असली तरी उताराला जाणवत नाही.

टेक्सासकर:
वाळू उतारालाही तेवढीच जाणवते, चाक रुततं. पण हो, दमल्यावर कोरड्या पात्रात सायकल ढकलण्यापेक्षा ती सकाळीच उरकलेली बरी.

रानवाटा:
फोनला रेंज नसते तिथे. नदीजवळ कधी मेक्सिकोचं नेटवर्क पकडतो, बिल बघून घाम फुटतो. सॅटेलाइट मेसेंजर घ्या, भाड्याने मिळतो. आयफोन १४ किंवा नंतरचा असेल तर त्यातही सॅटेलाइट एसओएस आहे, पण कॅन्यनच्या भिंतींत आकाश मोकळं मिळत नाही.

वाटचुकार:
मेसेंजर आहे. लाहीतासमार्गे येतो. टेक्सासकर, मनापासून आभार. म्हणजे आकडा नऊ लिटर, दोन हप्त्यांत. हेच पाहिजे होतं.

प्रवासी_आजी:
आम्ही डिसेंबरात मुलाकडे येतोय. हे गुडघेदुखीच्या माणसांना जमेल का?

टेक्सासकर:
आजी, सायकल सोडा, पण १७० वरून गाडीने जरूर जा, बरीचशी वाट रिओ ग्रान्दे नदीच्या काठाने जाते. मध्ये क्लोज्ड कॅन्यन म्हणून चिंचोळी घळ आहे, चालणं थोडंच, झेपेल तेवढं आत जाऊन परत फिरता येतं.

प्रवासी_आजी:
तिथे स्वच्छतागृहं आहेत का? आणि शाकाहारी जेवण?

वाटचुकार:
आजी, कृपया वेगळा धागा काढा.