चर्चा: टीम तीन देशांत असेल तर लीडनं रोज कॉल घ्यावा की लिहून द्यावं?

वाळूजकर:
माझं मत, रोजचा कॉल बंद करा आणि ठरलेलं सगळं लिहून ठेवा. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, हिवाळ्यात साडेचार. अमेरिकेचा पूर्व किनारा साडेनऊ नाहीतर साडेदहा. त्यात अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढं करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे कोण कधी येणार याचा मेळच नाही. तिघांना जमणारी वेळ म्हणजे आपले संध्याकाळचे सात-आठ. पोरं घरी जेवायला थांबलेली आणि आपण स्क्रीनसमोर.

लातूरकर:
लिहा म्हणणं सोपं आहे, दादा. मराठी शाळेतून आलेल्या पोराला इंग्रजीत चार ओळी टाकायला अर्धा तास लागतो. वर ‘हे कळलं नाही’ असं सगळ्यांसमोर कायमचं लिहून ठेवायचं? कोण लिहिणार? फोनवर निदान आवाजावरून तरी कळतं, गडी कुठं अडलाय ते.

वाळूजकर:
उलट आहे. तिकडचे तिघं भराभर बोलायलेत आणि हा मान हलवायलाय, हे कॉलवरच होतं. लिहिलेलं दोनदा वाचता येतं.

नांदेडची_ताई:
दोघंही लीडला सोडून बोलायलात. हॉफस्टेड या संशोधकांच्या सत्ता-अंतराच्या मोजणीत, म्हणजे वरच्या माणसाचा अधिकार लोक किती मुकाट मानतात त्यात, भारत ७७, जर्मनी ३५. तिकडचा लीड ‘काही शंका?’ विचारतो, इकडं सगळे गप्प. त्याला वाटतं समजलं. त्यानं विचारावं, ‘तू आधी काय करणार, सांग.’ मग आपोआप बाहेर येतं.

लातूरकर:
ताई, ते मूळ आकडे १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांना विचारून काढलेले. आजची पोरं तशी राहिली नाहीत.

नांदेडची_ताई:
आकडा जुना आहे, मान्य. पण तुम्हीच वर म्हणालात ना, ‘कळलं नाही’ कोण लिहिणार? आणि कॉल की लेखी, यापेक्षा नेम महत्त्वाचा. १९९९ च्या एका शोधनिबंधात जार्व्हेनपा आणि लाइडनर यांनी वेगवेगळ्या देशांतल्या, कधीच न भेटलेल्या विद्यार्थ्यांच्या टीम तपासल्या. विश्वास पटकन बसायचा, पण नाजूक असायचा. जिथं उत्तरं नेमानं यायची, तिथं टिकायचा. आपल्याकडं लीड दोन दिवस गायब आणि तिसऱ्या दिवशी ‘अर्जंट’. (हे लिहिताना माझ्यासमोर कोण आहे, ते सांगत नाही.)

बीडचा_बाप्पा:
नेम-बिम ठीक, पण त्रास नेहमी आपल्यालाच का? वेळ फिरती ठेवा. एक महिना आपण रात्री, एक महिना जर्मनीवाले पहाटे सहाला. तेव्हा उन्हाळ्यात आपले साडेनऊ वाजतात, चहा घेऊन निवांत बसू.

वाळूजकर:
उन्हाळ्यात त्याच वेळी न्यूयॉर्कला रात्रीचे बारा वाजतात, बाप्पा. त्यांचं काय?

बीडचा_बाप्पा:
त्यांना त्या महिन्यात लिहून पाठवा की. तुमचाच उपाय आहे.