पी-१४ खालचा तेलाचा डाग

*शुक्रवार, इंदूर, सोसायटीचा ग्रुप*

दिघे (सेक्रेटरी): पार्किंगच्या पी-१४ जागेत पुन्हा तेल सांडलंय. मागच्या वेळी फरशी घासून घेतली त्याचे पैसे सोसायटीनं भरले. आज दूधवाला घसरता घसरता वाचला. चिन्मय, ही तिसरी वेळ आहे.

चिन्मय बी-३०४: सॉरी काका. उद्या माझी बाईक गॅरेजला टाकतोय. एकदाच सगळं करून घेतो. एलईडी हेडलाइट, मागे १३० चा टायर, मागचा डिस्क ब्रेक, रंग. तीस हजारांचा अंदाज दिलाय. गळतीही त्यातच निघेल.

पराडकर सी-२०१: तीस हजार? २०१२ च्या दीडशे सीसीवर? तेवढ्यात नव्या गाडीचं डाउन पेमेंट होतं.

आपटे (खजिनदार): डाग कोण साफ करणार?

मुळे काका ए-१०३: पराडकर, जरा थांबा. चिन्मय, गळतंय कुठून ते बघितलंस का? इंजिन डिझेलनं धू, कोरडं पूस. मग इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरची कड, क्लच कव्हरची कड, पुढच्या स्प्रॉकेटमागचं (चेनच्या दात्यांच्या चाकामागचं) ऑइल सील आणि तेल काढायचा ड्रेन बोल्ट, चारही जागी टाल्कम पावडर भुरभुरव. दहा मिनिटं चालू ठेव. पावडर जिथे आधी काळी पडेल तिथून तेल येतंय. गळती ड्रेन बोल्टची निघाली तर आधी वायसर बदल, उगाच आवळू नकोस. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की मग लेथवाल्याकडे जावं लागतं.

शुभदा काकू बी-१०२: नर्मदेचं पाणी आज येणार का? टाकी अर्धीच आहे.

दिघे (सेक्रेटरी): उद्या सकाळी. मोटर साडेसहाला लावतो.

तात्या ए-४०१: पीथमपूरची कायनेटिक होंडा घ्यायची होती. गिअर नाही, कटकट नाही 😄

पराडकर सी-२०१: तात्या, ती आता कुठे मिळणार. चिन्मय, मुद्दा ऐक. तुझ्या गाडीला एबीएस नाही, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते एप्रिल २०१९ पासून सक्तीचं आहे. नंतर बसवता येत नाही. मॉड्युलेटर, चाकावरची दात्यांची रिंग, सेन्सर, वायरिंग, सगळं लागतं आणि त्या गाडीसाठी त्याचं गणित जुळवलेलं लागतं. मागचा डिस्क लावला तरी स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा), हब, मास्टर सिलिंडर, पेडल बदलावं लागेल. ड्रमच्या स्विंगआर्मला वेल्डिंग करून कॅलिपर लटकवतात ते तर मुळीच नको.

मुळे काका ए-१०३: हे पटलं. पण म्हणून गाडी भंगारात घालायची नाही. गणपतीत जनरेटरचा नुसता कार्बोरेटर साफ करायचा होता, तेव्हाही तुम्ही नवीनच घ्या म्हणत होता.

पराडकर सी-२०१: जनरेटर विसर्जनाच्या दिवशी बंद पडला होता, मुळेसाहेब. लिहून ठेवा.

आपटे (खजिनदार): तेलाचा डाग कोण साफ करणार ते आधी ठरवा. पी-१४.

मुळे काका ए-१०३: चिन्मय, एअर फिल्टरचं झाकण काढून बघ. फिल्टर तेलकट असेल तर ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, तेल वर येतंय. म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, ज्वलनाचा दाब खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) उतरतोय आणि तोच दाब सीलांतून तेल बाहेर ढकलतोय. अशा वेळी सील कितीही बदलली तरी दोन महिन्यांत गळणार. धूर कसा आहे? सकाळी चालू करताना किंवा थ्रॉटल सोडून परत दिल्यावर निळा आला तर व्हॉल्व्ह सील. चढावर जोर देताना सतत निळा आला तर रिंगा.

चिन्मय बी-३०४: काका, भेरूघाट चढताना मागे निळा दिसतो असं मित्र म्हणतो.

सुनंदा (चिन्मयची आई): आणि हा त्याच मित्राला मागे बसवून ओंकारेश्वरला जातो. मी किती दिवस सांगतेय. दिघे भाऊजी, तुम्ही तरी समजवा.

जोशी वहिनी सी-१०४: सुनंदाताई, त्याचा तो सायलेन्सर रात्री अकराला ऐकू येतो, तेही सांगा. आमचं बाळ दचकून उठतं.

चिन्मय बी-३०४: वहिनी, तो काढला. मूळचा परत लावलाय.

दिघे (सेक्रेटरी): बरं केलंस. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, कंपनीनं दिलेल्या रचनेत फेरफार चालत नाही. पाच हजारांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. रंग बदललास तर आरसीवर नोंद करावी लागते. तुझी आरसी कधीपर्यंत आहे?

चिन्मय बी-३०४: जुलै २०२७.

दिघे (सेक्रेटरी): मग मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत नूतनीकरणाचा फॉर्म २५ भरून गाडी आरटीओला दाखवायला न्यावी लागेल. १३० चा टायर आणि वेगळा हेडलाइट लावून गेलास तर उलट्या पावली परत येशील.

मुळे काका ए-१०३: १३० चा टायर तर नकोच. रिम १०० च्या टायरला बेतलेली आहे. रुंद टायर त्यावर चिमटला जातो, मधला भाग फुगतो, वळणावर गाडी आडवी पडायला कां कूं करते आणि चेन कव्हरला घासतं ते वेगळं. एलईडीचंही तसंच. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो. एलईडीचा प्रकाश त्या बिंदूवरून येत नाही, समोरच्याच्या डोळ्यात जातो. रात्री कमी दिसत असेल तर काच पॉलिश कर आणि रिले-फ्यूजची वायरिंग घालून त्याच ३५ वॅटच्या बल्बला पूर्ण व्होल्टेज दे. त्याआधी इंजिन बंद ठेवून हेडलाइट लागतो का बघ. नाही लागला तर तो बॅटरीवर नाही, थेट स्टेटरवर (इंजिनातल्या वीज तयार करणाऱ्या भागावर) आहे, तिथे हे काम वेगळं.

पराडकर सी-२०१: एवढं करूनही गाडी २०१२ चीच राहणार ना?

मुळे काका ए-१०३: थांबणारी तरी राहील. पैसे घालायचेच तर ब्रेकमध्ये घाल. डॉट ४ ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, ते हवेतली ओल ओढतं. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून तापला की त्याची वाफ होते आणि लिव्हर मऊ पडते. पुढचा रबरी होज एवढ्या वर्षांत फुगतो, तोही बदल. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, २३१७ म्हणजे २०१७ चा २३वा आठवडा. तुझ्या टायरवर काय आहे?

चिन्मय बी-३०४: ०८१६ 😬

मुळे काका ए-१०३: २०१६ फेब्रुवारी. काढ ते. चेनची कडी मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून ओढून बघ, अर्धा दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलायची. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरव. मध्यावर खटकन अडलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला.

आपटे (खजिनदार): डाग?

चिन्मय बी-३०४: आपटे काका, उद्या सकाळी मीच काढतो.

शुभदा काकू बी-१०२: पुण्याला माझ्या भाच्याची २०२१ ची गाडी विकायची आहे. एबीएस आहे. सांगू का?

पराडकर सी-२०१: काकू, चांगला पर्याय. पण एमएच-१२ आहे. तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी लागेल, इथे इंदूरला कर भरून नवा नंबर घ्यावा लागेल, नावावर करायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आधी हातात. चलानं ऑनलाइन तपासा आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघा. सहाशे किलोमीटर दूरची गाडी न चालवता घ्यायची नाही.

*शनिवार*

चिन्मय बी-३०४: काका, फिल्टर तेलानं ओला आहे 😞

मुळे काका ए-१०३: मग गॅरेजात बाकी काही उघडू देऊ नकोस. आधी गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोज. इंजिन गरम करून एक स्पार्क प्लग काढायचा, दुसरा जागेवर राहू दे. किल स्विच बंद. थ्रॉटल पूर्ण उघडून सात-आठ किका. आकडा लिही. मग प्लगच्या भोकातून चहाचा चमचाभर तेल आत आणि परत मोज. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

जोशी वहिनी सी-१०४: मोटर बंद करा हो कोणीतरी, टाकी वाहतेय!!

दिघे (सेक्रेटरी): केली.

चिन्मय बी-३०४: कोरडं ९०. तेल टाकून १३०.

मुळे काका ए-१०३: रिंगा. तुझ्या गाडीला लोखंडी स्लीव्ह आहे, बोअर करून (सिलिंडर आतून किंचित मोठा कापून) ०.२५ मिमी ओव्हरसाइजचा पिस्टन बसेल. यामाहा आर-१५ च्या डायसिल (लोखंडी स्लीव्ह नसलेल्या ॲल्युमिनियमच्या) सिलिंडरला तर बोअरच करता येत नाही, अख्खा सिलिंडर बदलावा लागतो. पण रोज किती चालवतोस?

चिन्मय बी-३०४: पीथमपूर, येऊन-जाऊन पन्नास. महिन्यातून एकदा ओंकारेश्वर, डबल सीट.

मुळे काका ए-१०३: बोअर केल्यावर पहिले ५०० किलोमीटर जोर द्यायचा नाही, एकाच वेगात लांब पळवायची नाही, मग तेल बदलायचं. तुझा तर रस्ताच हायवेचा. वर बोअर, टायर, चेन, कोन सेट, ब्रेक धरलं तर तीस हजारांत एलईडीला पैसाही उरत नाही आणि डबल सीट घाट उतरताना एबीएस नाहीच. वडिलांना राजवाड्यापर्यंत भाजी आणायला हवी असती तर मी बोअर करच म्हटलं असतं. तुझ्यासाठी नवी घे.

पराडकर सी-२०१: हे कालच म्हटलं होतं.

मुळे काका ए-१०३: काल तुम्ही कॉम्प्रेशन मोजलं नव्हतं.

पराडकर सी-२०१: बरं. चिन्मय, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, कोटेशनमध्ये तो दिसला पाहिजे. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण पॉलिसी शोरूमचीच घ्यायची सक्ती नाही. हँडलिंग चार्ज म्हणून ओळ दिसली तर कशाचे ते विचार. जुन्या गाडीचा फुल विमा असेल तर एनसीबीचं (नो क्लेम बोनसचं) पत्र घे, तो बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. आणि इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल रिझर्व्हवर ठेवत जाऊ नकोस. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनंच थंड राहतो.

सुनंदा (चिन्मयची आई): मुळे भाऊजी, पराडकर भाऊजी, दोघांचेही आभार. बुधवारी ह्याचे बाबा सोबत जातील.

आपटे (खजिनदार): पी-१४ चा डाग अजून आहे. आत्ताच बघून आलो.

चिन्मय बी-३०४: काका, भुसा टाकून ठेवलाय, तेल ओढून घेतोय. तासाभरानं झाडतो, मग कपड्यांची पावडर गरम पाण्यात कालवून ताठ ब्रशनं घासतो. गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवलाय.

आपटे (खजिनदार): ब्रश ऑफिसात आहे. चावी माझ्याकडे.