फॉक्स हंट: कोल्हा जवळ आला की मीटर सगळीकडे फुल! मदत हवी आहे

टेकडीकर:
नमस्कार मंडळी. हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स मिळून दीड वर्ष झालं, फॉक्स हंटला मात्र गेल्या रविवारी पहिल्यांदाच गेलो. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर. माहीत नसलेल्यांसाठी: कोल्हा म्हणजे झुडपात लपवलेला छोटा ट्रान्समीटर. तो थांबून थांबून बीप देतो, आपण अँटेना फिरवत त्याचा माग काढायचा.

माझ्याकडे साधा चायनीज ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सी पट्ट्यांवर चालणारा) हँडसेट आणि घरी केलेली तीन काड्यांची यागी, म्हणजे दिशा दाखवणारी अँटेना. पीव्हीसी पाइपवर लोखंडी मेजपट्टीचे तुकडे. काटेरी झाडीत वाकतात आणि परत सरळ होतात, म्हणून मेजपट्टी. (टोकांना चिकटपट्टी लावा. माझा अंगठा कापलाय.)

लांबून काम चाललं. सिग्नल बारीक होता, पण दिशा मिळत होती. एक रेघ एआरएआयच्या (वाहन संशोधन संस्थेच्या) बाजूने, दुसरी चतुःशृंगीच्या बाजूने. नकाशावर दोन्ही जुन्या दगडखाणीजवळ छेदल्या. तिथे पोचलो आणि घोळ सुरू. शंभरेक मीटरच्या आत कुठेही वळा, सिग्नल मीटरच्या सगळ्या पट्ट्या फुल. अटकळ बांधली, कोल्हा खाणीच्या कातळाकडे असणार. वीस मिनिटं कातळासमोर घातली. तेवढ्यात दहावीतल्या एका मुलीने माझ्या पाठीमागच्या करवंदीच्या जाळीतून कोल्हा काढला, तोही यागीशिवाय! कसा सापडला विचारलं तर "काका, सिक्रेट आहे."

तर प्रश्न: जवळ आल्यावर काय करायचं? आणि ८० मीटर बँडचा (बऱ्याच कमी फ्रिक्वेन्सीचा) रिसीव्हर बांधावा का?

जुना_फॉक्स:
सिक्रेट काही नाही. हँडसेट छातीशी धरून जागच्या जागी गोल फिरायचं. सिग्नल सगळ्यात जास्त पडेल तेव्हा कोल्हा पाठीशी, कारण मध्ये आपलं अंग येतं. तरी फुल असेल तर अँटेना काढा, किंवा पाच-दहा किलोहर्ट्झ बाजूला ट्यून करा. मी तर हँडसेट स्टीलच्या डब्यात घालतो, झाकण थोडं उघडं. आणि एफएमवर आवाजाच्या भरवशावर राहू नका, सिग्नल वाढला तरी आवाज तेवढाच राहतो.

तुमचा ड्युअल बँड आहे ना? कोल्हा १४५ मेगाहर्ट्झवर असेल तर ४३५ ऐका. तिप्पट फ्रिक्वेन्सीवर त्याचा किंचित गळका सिग्नल असतो, तो अगदी जवळ गेल्यावरच ऐकू येतो.

सोल्डरिंगवाला:
ऑफसेट ॲटेन्युएटर बनवा, म्हणजे सिग्नल बाजूला सरकवून कमी करणारं छोटं सर्किट. चार मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, एक डायोड, एक पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर). १४५ चा सिग्नल १४९ वर सरकतो, हँडसेट तिथे लावायचा आणि पॉटने सिग्नल हवा तितका खाली आणायचा. फक्त चुकूनही पीटीटी (बोलायचं बटण) दाबू नका. डायोड जाईल, शिवाय १४९ आपला बँड नाही.

८० मीटर जरूर करा. फेराइट रॉडची अँटेना, आणि दिशा जोरावरून नाही, अँटेना वळवताना सिग्नल गायब होतो त्या रोखावरून. ८० मीटरवर कातळाचं परावर्तन फारसं छळत नाही. विजेच्या तारांपासून मात्र लांब राहा. स्पर्धेत पाच कोल्हे एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने एकेक मिनिट बोलतात. प्रत्येकाची मोर्समधली खूण वेगळी. पहिल्या चौघांचे शेवटचे डिट (छोटे बीप) मोजायचे: एमओई एक, एमओआय दोन, एमओएस तीन, एमओएच चार. पाचवा एमओ५, पाच डिट. मोर्स कच्चं असलं तरी निभतं.

जुना_फॉक्स:
एक राहिलं. काड्या उभ्या धरल्या होत्या की आडव्या?

टेकडीकर:
आडव्या. गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनासारख्या. का?

जुना_फॉक्स:
कोल्ह्याची अँटेना उभी असणार, हँडसेटचीच रबरी. तुमच्या आडव्या काड्यांना त्याचा थेट सिग्नल कमी मिळाला, कातळावर आपटून तिरका झालेला मात्र छान मिळाला. पुढच्या वेळी हात नव्वद अंश वळवा. आडव्या काड्या स्पर्धेतल्या २ मीटर बँडसाठी (हाच १४५ वाला), तिथे कोल्ह्याचीही अँटेना आडवी असते.

टेकडीकर:
अरे देवा. म्हणजे वीस मिनिटं मी प्रतिध्वनीच्या मागे होतो. या रविवारी परत जातोय, डबा घेऊन.