सेरिफ फॉन्ट ओळखायचा तर आधी कोणतं अक्षर बघावं?

टंकवेडा
सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेघांच्या टोकांना असलेले छोटे फाटे. असा फॉन्ट ओळखायला सगळी वर्णमाला चाळत बसू नये. आधी स्मॉल जी शोधावा. सर्वांत जास्त वळणं त्यातच असतात, म्हणून आरेखकाचा हात तिथे लपत नाही. बास्करव्हिल या फॉन्टमध्ये जीचं खालचं वेटोळं डावीकडे उघडं राहतं. कॅस्लन, गॅरामॉन्ड, टाइम्स या फॉन्टमध्ये ते मिटलेलं असतं. खात्रीसाठी कॅपिटल ई बघा, बास्करव्हिलमध्ये त्याची खालची आडवी रेघ वरच्यापेक्षा ठळकपणे लांब असते. कॅस्लनचा संशय असेल तर कॅपिटल A च्या शेंड्याला खोलगट खाच आहे का तपासा. एवढं पुरे.

जुळारी
पुरे नाही. उघडा जी घराणं सांगतो, फॉन्ट नाही. 1996चा मिसेस ईव्ह्ज हा फॉन्ट बास्करव्हिलवरूनच बेतलेला, त्याचाही जी उघडाच. फरक एक्स-उंचीत, म्हणजे स्मॉल एक्सच्या उंचीत आहे, ईव्ह्जची स्मॉल अक्षरं कॅपिटलच्या मानाने फारच बुटकी.

गॅरामॉन्डमध्ये तर जी जवळजवळ निरुपयोगी. विंडोजमध्ये दिसणारा गॅरामॉन्ड मोनोटाइप या कंपनीचा. त्याचं मूळ सोळाव्या शतकातल्या क्लोद गॅरामॉन्डचे छपाईचे खिळे नसून सतराव्या शतकातले फ्रेंच मुद्रक झाँ जानों यांचे आहेत, हे मुद्राक्षरांच्या अभ्यासक बिएट्रिस वॉर्ड यांनी 1926 साली दाखवलं. तिथे एन, एम, आरच्या डोक्यावरचे सेरिफ बघायचे: ते तीव्र उताराचे आणि आतून कोरल्यासारखे असतात. 1989च्या अडोबी गॅरामॉन्डमध्ये उतार सौम्य आहे.

तिरपी रेघ
दोघेही रोमनमध्येच, म्हणजे उभ्या अक्षरांतच अडकलात. इटालिक, म्हणजे तिरपी अक्षरं मिळालं तर आधी तेच बघावं. मोनोटाइप गॅरामॉन्डच्या इटालिक कॅपिटलचा कल अक्षरागणिक बदलतो, शेजारी-शेजारी ठेवली की लगेच कळतं. आरेखक यान चिकोल्डचा 1967चा सबोन हा फॉन्ट तर मोजपट्टीनेच सापडतो. लायनोटाइप या खिळे जुळवणाऱ्या यंत्रावर रोमन आणि इटालिक एकाच रुंदीत बसवावे लागत, म्हणून एकच शब्द दोन्हींत सारखीच जागा घेतो. इटालिक एफचा आकडाही आखडलेला, शेजारच्या अक्षरावर झुकत नाही. मात्र 2002च्या सबोन नेक्स्टला ही रुंदीची कसोटी लावू नका, तिथे ते बंधन काढलं आहे.

टंकवेडा
इटालिकची कसोटी मान्य, पण कित्येक पानांवर इटालिकचा एक शब्दही नसतो. जी दर ओळीत सापडतो.

जुळारी
सापडतो, पण दिसतो का? 10 पॉइंटचा (पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) मजकूर 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी स्कॅन केला तर अख्ख्या पॉइंट उंचीला जेमतेम 42 पिक्सेल येतात, बारीक रेघेला एखादाच. शाई पसरलेली असेल तर बास्करव्हिलचं उघडं वेटोळं मिटलेलं दिसतं आणि निकाल कॅस्लनकडे झुकतो. किमान 600 डीपीआय घ्या, आणि एकाच अक्षराचे पाच-सहा ठसे ताडून बघा.

तिरपी रेघ
टाइम्स न्यू रोमन आणि लायनोटाइपचा टाइम्स रोमन यांत मात्र रुंदीही कामाची नाही, दोन्हींची सारखीच. तिथे टक्क्याचं चिन्ह शोधा: लायनोटाइपमध्ये डावं शून्य तिरप्या रेघेला बारीक रेघेने जोडलेलं असतं, न्यू रोमनमध्ये सुटं. इटालिक झेडही बघा, लायनोटाइपचा वळणदार, दुसऱ्याचा सरळ.