साताऱ्याच्या पावसात हवामान बदल शोधायचा कसा? बेरीज तर तेवढीच दिसतेय

माणगंगाकाठ

सातारा जिल्ह्याचा १९७२ ते २०२४ चा पाऊस एक्सेलमध्ये भरला आहे. जून ते सप्टेंबरची बेरीज, सगळ्या तालुक्यांची सरासरी. २०१७ च्या आधीचे आकडे तहसीलच्या पर्जन्यमापकांचे, त्यानंतरचे महसूल मंडळांतल्या स्वयंचलित केंद्रांचे. आलेखावर सरळ रेषा टाकली की ती किंचित चढते, म्हणजे जवळजवळ आडवीच. इकडे माण-खटाव या कोरड्या तालुक्यांत ज्याला विचारावं तो म्हणतो, पाऊस पूर्वीचा राहिला नाही. हे ग्रामसभेत मांडायचं आहे. 'आकड्यांत काही फरक नाही' एवढंच सांगितलं तर हवामान बदल ही अफवाच आहे असा अर्थ निघेल. चूक आकड्यांत आहे, पद्धतीत आहे की मी भलत्याच जागी बघतोय? कुठल्या नोंदी घ्याव्यात आणि त्यांतून नेमकं काय काढावं?

नोंदवही

थोडी थोडी तिन्हीकडे आहे.

सगळ्यात मोठा घोळ जिल्ह्याच्या सरासरीचा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या घरात पाऊस, माण तालुक्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. या दोन्हींची सरासरी हा कुठल्याच गावाचा पाऊस नाही. महाबळेश्वरला एखाद्या वर्षी दहा टक्के जास्त पडला की साडेपाचशे मिमी वाढले, म्हणजे माणचा अख्ख्या वर्षाचा पाऊस. तुमच्या आलेखात घाटच दिसतोय, माण त्यात बुडून गेलाय.

दुसरं, १९७२ ची सुरुवात. दुष्काळाच्या वर्षापासून मोजायला घेतलं की पुढे सगळं बरंच दिसणार. चढती रेषा बहुधा तिथूनच आली. भरपूर पावसाच्या वर्षापासून सुरू केलं तर उतरतीही काढून दाखवता येते, आणि हवामानाच्या वादात दोन्ही बाजूंचे लोक हे उद्योग करतात.

तिसरं, २०१७ चा जोड. साध्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला माणूस मोजतो. स्वयंचलित केंद्रात एक छोटी डोलणारी बादली असते; ठराविक पाणी साचलं की ती कलंडते आणि किती वेळा कलंडली ते मोजलं जातं. मुसळधार पावसात कलंडतानाच पाणी निसटतं, त्यामुळे नोंद कमी येते. नरसाळ्यात पाला नाहीतर पाखरांची घाण अडकली तर भर पावसात शून्य. माणसाच्या हातूनही चुका होतात. पर्जन्यमापकाचं तोंड १०० चौ.सेमीचं आणि मोजपात्र २०० वाल्याचं वापरलं की आकडा निम्मा येतो, उलट झालं तर दुप्पट. दोन वेगळ्या पद्धतींच्या मालिका सांधल्या की सांध्यावर पायरी पडते, आणि ती पायरी हवामानाची नसते.

त्यापेक्षा हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाची चौकटींची दैनंदिन मालिका घ्या: नकाशा चौकटींत विभागून प्रत्येक चौकटीचा रोजचा पाऊस. पाव अंशाची चौकट, म्हणजे साधारण २७ किमी. १९०१ पासूनची, फुकट उतरवून घेता येते. दर वर्षाची एक फाइल. १३५ रेखांश आणि १२९ अक्षांश, प्रत्येक आकडा ४ बाइटचा. साध्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची असायला हवी. लीप वर्षाला त्यात ६९,६६० ची भर. तेवढी नसेल तर ती अर्धवट उतरली आहे, पुढे जाऊ नका. मोजणी ६.५ अंश उत्तर, ६६.५ अंश पूर्व या कोपऱ्यापासून सुरू होते आणि आधी रेखांश सरकतो. शून्यापासून मोजलं तर दहिवडीजवळचा बिंदू (१७.७५, ७४.५) ४५ व्या ओळीत ३२ व्या रकान्यात, महाबळेश्वरजवळचा (१८.०, ७३.७५) ४६ व्या ओळीत २९ व्या रकान्यात. पायथन ही संगणकाची भाषा येत असेल तर तिच्यातला 'आयएमडीलिब' हा तयार संच हे सगळं स्वतः करतो. रिकाम्या जागी -९९९ असतं. ते न काढता बेरीज केली की उणे पाऊस पडतो, हा प्रकार जरा जास्तच वेळा बघायला मिळतो.

एक सावधगिरी. चौकटींमागची पर्जन्यमापकांची संख्या वर्षागणिक बदलत गेली आहे, आणि घाटमाथ्यावर पाच-दहा किमीत पाऊस निम्मा होतो. तिथल्या चौकटीवर फार विसंबू नका. माणच्या सपाटीवर हा त्रास पुष्कळ कमी.

मध्यका

आकडे नीट केले तरी बेरीज बेरीजच राहते, आणि पावसातला बदल बेरजेत सगळ्यात उशिरा दिसतो. देशभराचा मोसमी पाऊससुद्धा वर्षागणिक सरासरीच्या दहाएक टक्के वर-खाली होतो, एका तालुक्याचा त्याहून कितीतरी जास्त. एल निनोची (प्रशांत महासागर तापून आपला पाऊस बहुधा घटतो ती) २००२, २००९, २०१५, २०२३ अशी वर्षं मध्ये बसली की बारीक कल त्या गोंधळात हरवतो.

बदल पडण्याच्या तऱ्हेत शोधा. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस आला की जोराने येतो. पण तापलेली हवा मधल्या दिवसांत जमिनीतली ओलही वेगाने ओढून घेते. बेरीज तीच राहून शेताचं गणित बिघडतं ते यामुळे.

म्हणून दर वर्षासाठी हे काढा: पावसाचे दिवस (२.५ मिमी किंवा जास्त), एकूण पाऊस भागिले पावसाचे दिवस, वर्षातला सर्वांत मोठा एका दिवसाचा पाऊस, आणि सर्वांत लांब खंड (सलग कोरडे दिवस). माण तालुक्यासाठी मोजणीचा काळ जून ते सप्टेंबर ठेवू नका, ३१ ऑक्टोबरपर्यंत न्या. तिथली भिस्त उत्तरा-हस्तावर आणि परतीच्या पावसावर आहे. मोसमी हंगामाची सरकारी व्याख्या लावली तर ज्वारीचा पाऊसच हिशेबाबाहेर राहतो.

ग्रामसभेला सगळ्यात पटेल असा आकडा वेगळाच आहे: फसवी सुरुवात. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. तर १ जूनपासूनची बेरीज ७५ च्या वर गेल्याची तारीख घ्या, आणि पुढच्या तीस दिवसांत सलग दहा कोरडे दिवस आले का ते बघा. आले ते वर्ष दुबार पेरणीच्या धोक्याचं. दर दशकात अशी किती वर्षं निघतात ते मोजा.

सरळ रेषा टाकू नका, २०१९ सारखं एखादं अतिपावसाचं वर्ष तिला हवी तशी वाकवतं. सेनचा उतार काढा: वर्षांच्या प्रत्येक जोडीचा उतार काढून त्या सगळ्यांतला मधला घ्यायचा. १९५१ ते २०२४ ही ७४ वर्षं, म्हणजे २,७०१ जोड्या. संगणकाला क्षणभराचं काम. (प्रणव कुमार सेन यांनी १९६८ साली मांडलेली पद्धत.) सोबत मान-केंडाल चाचणी लावा; कल खरा की योगायोगाचा, याचा अंदाज ती देते. पण वीस निर्देशांक तपासून त्यांतला एक 'सिद्ध' झाला म्हणून नाचू नका. पाच टक्क्यांच्या कसोटीवर वीसात एक निव्वळ योगायोगानेही उतरतो. काय तपासणार ते आधी कागदावर लिहा, मग फाइल उघडा.

शंकासुर

एवढा खटाटोप करून कल निघाला तरी तो माणसामुळेच कशावरून? दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तेव्हा कुठे गाड्या होत्या? सूर्य आहे, ज्वालामुखी आहेत, पृथ्वी पूर्वीही तापलीच होती की. आणि खरंच तापत असेल तर पाऊस वाढायला हवा. तुमच्याच लोकांचे अहवाल म्हणतात देशाचा मोसमी पाऊस घटला. दोन्ही कसं खरं?

धूरमापक

पहिलं म्हणणं अर्धं बरोबर आहे. एका तालुक्याच्या पावसावरून कारण सिद्ध होत नाही, तसा दावा ग्रामसभेत करूही नये. कारणाचा पुरावा पावसात नाही, हवेत आहे.

कोळसा आणि तेल म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पती आणि समुद्रातले सूक्ष्मजीव. त्यात कार्बन-१४ हा काळानुसार विरत जाणारा कार्बनचा प्रकार उरलेला नसतो आणि कार्बन-१३ हा जड प्रकार कमी असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक काळाआधी दशलक्षात २८० भाग होता, २०२४ मध्ये ४२० च्या वर गेला, आणि तो वाढत असताना त्यातलं या दोन्ही प्रकारांचं (समस्थानिकांचं) प्रमाण जळालेल्या इंधनाच्या हिशेबाने खाली आलं. हवेतला प्राणवायूही तसाच किंचित घटतोय. समुद्रातून नुसता वायू बाहेर आला असता तर प्राणवायू असा खर्ची पडला नसता. ज्वालामुखी? जीवाश्म इंधनातून वर्षाला ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, सगळ्या ज्वालामुखींचा मिळून त्याच्या एक टक्काही नाही. सूर्य तापवत असता तर वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, तोही तापला असता. तो थंड होतोय. आणि गेल्या चाळीसेक वर्षांत सूर्याच्या तेजात वाढीचा कल नाही.

पृथ्वी पूर्वी तापली होती हे खरंच. पूर्वी वणवे विजेने लागत, म्हणून आज काडी टाकणारा सुटत नाही.

दुसरी शंका मात्र चांगली आहे. २०२० च्या केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या अहवालात दोन्ही गोष्टी आहेत: १९०१ ते २०१८ मध्ये देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, आणि १९५१ ते २०१५ मध्ये मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. घट मुख्यतः गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात. याचं मोठं कारण धूर आणि सूक्ष्मकण. ते ऊन अडवतात, जमीन-समुद्रातला तापमानाचा फरक कमी करतात आणि मोसमी वारे मंदावतात. हरितगृह वायू एकीकडे ढकलतात, हे कण दुसरीकडे. आणि त्याच अहवालात असंही आहे की मध्य भारतात दिवसाला १५० मिमीच्या वरच्या पावसाचे प्रसंग १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले. बेरीज कमी, तडाखे जास्त. मध्यका वर म्हणतात ते हेच.

अवांतर: 'मग आपणच का भोगायचं' हा प्रश्न सभेत येणारच. तो रास्त आहे. भारताचं माणशी उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेचं त्याच्या सहा-सात पट. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातलं 'जबाबदारी सामायिक पण वेगवेगळी' हे तत्त्व त्यासाठीच आहे. पण जबाबदारी कोणाची हा वाद वेगळा आणि तापमान का वाढलं हा वेगळा. पहिल्यातला राग दुसऱ्यावर काढून उपयोग नाही.

माणगंगाकाठ

सर्वांचे आभार. दहिवडीची चौकट काढली, फाइलचा आकार जुळतोय. पण ६५ मिमीच्या वरचे दिवस मोजले तर बऱ्याच वर्षी शून्य येतं, आणि मंडळाच्या नोंदीत त्याच वर्षी अतिवृष्टी दिसते. माझंच काही चुकतंय का?

नोंदवही

नाही, ते चौकटीमुळे. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिमी आणि त्याच मुंबईत कुलाब्याला पाऊणशेच्याही आत. दोन्हींची सरासरी काढली तर दोन्ही ठिकाणचं खोटं सांगेल. चौकटीत शिखरं झिजतात, म्हणून तिथे ६५ चा उंबरठा लावू नका. १९६१ ते १९९० मधले पावसाचे दिवस चढत्या क्रमाने लावा, ९५ टक्के दिवस ज्याच्या खाली राहतात तो आकडा उंबरठा धरा आणि तोच सगळ्या वर्षांना लावा. हा आधारकाळ मध्येच बदलू नका. हवामान खातं तापमानाचं 'सामान्य' आता १९९१ ते २०२० वरून काढतं. आधार असा पुढे सरकला की तापलेली वर्षंही सामान्य दिसू लागतात.

६५ चा उंबरठा पीक-नुकसानीच्या पंचनाम्याचा आहे, तो मंडळाच्या पर्जन्यमापकालाच लावायचा. तिथेही एक फट आहे. दिवस सकाळी साडेआठला संपतो. पहाटे सुरू झालेला पाऊस दहापर्यंत चालला की त्याचे दोन तुकडे होतात: काल ६०, आज ५०, आणि कागदावर अतिवृष्टी एकही नाही. म्हणून लागोपाठच्या दोन दिवसांच्या बेरजेचा रकाना वेगळा ठेवा.