मदत हवी आहे: पहिलं सिझर असताना दुसऱ्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न करता येतो का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. तिला सातवा महिना लागलाय. पहिली डिलिव्हरी सिझरने झाली. यावेळी ती तपासणीच्या टेबलावरून उठायच्या आतच डॉक्टर म्हणाले, "पहिलं सिझर आहे ना, मग आता सिझरच. तारीख घेऊन ठेवा." का म्हणून विचारायला उसंतच मिळाली नाही.

जुनी फाइल काढली. डिस्चार्ज कार्डावर कारण म्हणून 'प्रगती नाही' एवढंच. गर्भाशयाचं तोंड किती सेंटिमीटर उघडून अडलं, किती वेळ वाट पाहिली, गर्भपिशवीवर छेद आडवा घेतला की उभा, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. पोटावरचा व्रण आडवा आहे, पण त्यावरून आतला छेद ओळखता येत नाही म्हणतात. आणि सगळं अवलंबून आहे ते त्या आतल्या छेदावर!

मी सिझरच्या विरोधात अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेले आकडे बघा: जगभरात २१ टक्के बाळंतपणं सिझरने, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमध्ये ४३ टक्के, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जेमतेम ५. गरज असून ऑपरेशन न मिळाल्याने तिथे बायका जीव गमावतात. माझी भीती दुसऱ्या टोकाची आहे. दर सिझरमागे पुढच्या खेपेला वार (प्लासेंटा) जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढत जातो, आणि अशा वेळी रक्त हाताशी नसेल तर जिवावर बेततं. बहिणीला तिसरंही मूल हवंय, म्हणून ही खेप नीट विचार करून ठरवायची आहे.

जुन्या दवाखान्याकडे नेमका कोणता कागद मागायचा? प्रयत्न करायचा तर दवाखान्यात काय काय असायलाच हवं? ज्यांचा प्रयत्न अर्ध्यावर सोडून सिझर करावं लागलं त्यांनीही जरूर लिहा.

प्रतिसाद:

ताई, मी लेबर रूममध्ये काम करते. डिस्चार्ज कार्डावर थांबू नका, 'ऑपरेशन नोट' मागा. छेद कुठे घेतला, तो पुढे फाटत गेला का, हे त्यात असतं. पार्टोग्राफ, म्हणजे कळांच्या प्रगतीचा तक्ता, मिळाला तर कळा कशा चालल्या होत्या तेही दिसेल.

एकच सिझर, खालचा आडवा छेद आणि बाळाचं डोकं खाली असेल, तर प्रयत्न करणाऱ्या १०० पैकी साधारण ६० ते ८० जणींची नॉर्मल होते. पिशवीचा व्रण उसवण्याचा धोका २०० मध्ये एकीच्या आसपास. पण उसवला तर लगेच पोट उघडावं लागतं. त्यामुळे रात्रीसुद्धा भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, रक्त आणि बाळाचे ठोके सतत बघणारं माणूस हवंच. यातलं एक जरी नसेल तरी तिथे प्रयत्न करू नका. कळा आणायला मिसोप्रोस्टॉलची गोळी जुना व्रण असताना चालत नाही, हेही आधीच बोलून ठेवा.

पिशवीच्या वरच्या भागावर उभा छेद निघाला तर मात्र नॉर्मलचा आग्रह सोडा आणि कळा सुरू व्हायच्या आधीची तारीख घ्या.