नागपूरच्या उन्हाळ्यात एसीचा वापर कमी कसा करावा?

प्रश्न:
आमचे घर नागपुरात, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे आणि घरात वृद्ध आई आहे. एसी १८ अंशांवर ठेवला की खोली लवकर थंड होते, असे घरात सर्वांनाच वाटते. मात्र मे महिन्याचे बिल पाहून काळजी वाटू लागली आहे. आईला त्रास न होता वीज कशी वाचवता येईल?

प्रतिसाद १:
साध्या एसीचा कॉम्प्रेसर चालू असताना एकाच क्षमतेने चालतो, त्यामुळे १८ अंशांमुळे खोली लवकर थंड होत नाही. कॉम्प्रेसर फक्त उशिरा थांबतो, आणि बाहेर ४५ अंश असताना बहुधा थांबतच नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार एक अंश वाढवल्यास विजेचा वापर सुमारे ६ टक्क्यांनी घटतो. आपण २६ अंश ठेवून सोबत छताचा पंखा मंद गतीने चालवावा. दीड टनाचा जुना एसी सुमारे दीड किलोवॅट वीज घेतो, तर साधा पंखा जेमतेम ७५ वॅट. महावितरणच्या दरात ३०० युनिटांपुढील युनिटे अधिक महाग असल्याने बचत तेथेच जास्त जाणवते.

प्रतिसाद २:
दिवसा एसीऐवजी कूलर वापरावा, असे मी आग्रहाने सुचवेन. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भातील हवा कोरडी असते, म्हणूनच वाळ्याच्या ताट्यांतून येणारा वारा इतका गार लागतो. मुंबईच्या दमट हवेत तसे होत नाही. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी, अन्यथा ओलावा खोलीतच साठतो. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण काढून टाकी घासावी, कारण त्यात डेंग्यूचे डास वाढतात. मृग लागून पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो.

प्रतिसाद ३:
वरच्या मजल्यावर खरा प्रश्न स्लॅबचा असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्चीला चुन्याचा पांढरा थर द्यावा आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून ताट्या लावाव्यात. आतील पडद्यापर्यंत पोहोचलेले ऊन घरात शिरलेलेच असते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेले असेल, तर आईंना नुसत्या पंख्याखाली ठेवू नये, कारण तो गरम वारा शरीर आणखी तापवतो. अशा दुपारी एसी निःसंकोच चालवावा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज रात्रीपासून २६ अंश आणि पंखा सुरू करतो, तसेच गच्चीच्या चुन्याविषयी सोसायटीच्या सचिवांशी बोलतो.